८८४ अंशांना वितळणारं मीठ

जहाजाच्या गॅस टर्बाइनच्या पात्यांवर सिरॅमिकचा लेप देतात तो उष्णता अडवायला, पण त्याला खातं ते मीठ. खाऱ्या हवेतलं सोडियम आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट होतं. ते पात्यावर बसतं, ८८४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि लेपाच्या बारीक छिद्रांतून झिरपत खालच्या बाँड कोटपर्यंत, म्हणजे लेपाला धातूशी जोडणाऱ्या थरापर्यंत पोचतं. सोलापूरहून समुद्र लांब असला तरी ही परीक्षा इथल्या मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत) घेता येते.

नमुना २ बाय २ सेंमी, वर सिरॅमिकचा लेप, म्हणजे स्थिर राहावा म्हणून ८ टक्के यिट्रिया घातलेला झिर्कोनिया, जाडी साधारण २५० मायक्रॉन. हॉटप्लेटवर २०० अंशांना तापवून सोडियम सल्फेटचं द्रावण थोडं थोडं फवारायचं. चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅम पुरे. चारी कडांना २ मिमी पट्टी कोरडी ठेवायची, म्हणजे २.५६ चौरस सेंमीवर साधारण २६ मिलिग्रॅम. कडेपर्यंत मीठ गेलं तर ते बाजूनं धातूत शिरतं आणि लेप चांगला असूनही नापास होतो. द्रावणाला आणि नंतर धुवायला डिस्टिल्ड पाणीच हवं. आपल्या बोअरचं जड पाणी पातेल्यात पांढरा थर सोडतं, तोच कॅल्शियमचा थर नमुन्यावर बसला की वजनाला अर्थ राहत नाही.

मग नमुना भट्टीत ९०० अंशांना १० तास ठेवायचा. यात सर्वांत जास्त फसवते ती भट्टी. पडद्यावर ९०० दिसतं, पण दाराजवळ ८७० असू शकतं. तिथं मीठ वितळतच नाही, कोरडी भुकटी तशीच राहते आणि लेप दिमाखात पास होतो. म्हणून नमुन्याशेजारी ॲल्युमिनाच्या वाटीत चिमूटभर सोडियम सल्फेट ठेवा. १० तासांनी ते गोठून एकसंध ढेप झालेलं दिसलं तरच निकाल धरा. थर्मोकपलपेक्षा, म्हणजे भट्टीच्या तापमापकापेक्षा, माझा या वाटीवर जास्त विश्वास आहे. मात्र यात खाण्याचं मीठ मिसळू नका, त्यानं वितळायला फार खालीच सुरुवात होते.

थंड होताना झिरपलेलं मीठ गोठतं आणि लेप भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. काही इंधनांत असणाऱ्या व्हॅनेडियम या धातूची मोडतोड वेगळी. ते यिट्रियालाच ओढून यिट्रियम व्हॅनेडेट करतं. आधार गेलेला झिर्कोनिया निवताना मोनोक्लिनिक या वेगळ्या स्फटिकरचनेत जातो, ३ ते ५ टक्के फुगतो आणि तडकतो. स्फटिकरचना ओळखणाऱ्या एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये तांब्याच्या एक्स-रे नळीवर २८.२ आणि ३१.५ अंशांना शिखरं आली की समजायचं. निकाल लवकर लागतो म्हणून अनेकजण फक्त व्हॅनेडियमचं मिश्रण वापरतात. मला ते पटत नाही. नौदलाच्या टर्बाइन डिस्टिलेट (ऊर्ध्वपातनानं काढलेल्या) इंधनावर चालतात, त्यात व्हॅनेडियम नगण्य असतं. आधी सल्फेटची चाचणी करा. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड विषारी आहे, ते मास्क लावून आणि धुराड्याखालीच हाताळा.

दर फेरीत मीठ न लावलेला एक नमुना त्याच ट्रेमध्ये ठेवा. तोही सुटला, तर दोष मिठाचा नाही, लेपाच्या फवारणीचा किंवा बाँड कोटचा.