‘व्हँडल लोकांवर कारवाई केली जाईल’

एका संरक्षित किल्ल्यावरच्या सूचनाफलकाचा मजकूर तपासायला आला होता. त्यात ही ओळ. इंग्रजीत मुद्दाम नासधूस करणाऱ्याला ‘व्हँडल’ म्हणतात; यंत्राने केलेलं भाषांतर जसंच्या तसं उतरवलेलं. हसू आलं; पण हे खोडलं तर त्या जागी लिहायचं काय, यातच माझा अर्धा दिवस गेला.

व्हँडल ही खरोखरच एक जर्मानिक जमात होती. इ.स. ४०६ च्या अखेरीस त्यांनी ऱ्हाइन ओलांडली, ४०९ मध्ये स्पेन गाठलं, ४२९ मध्ये राजा गेइसेरिकबरोबर आफ्रिकेत उतरले आणि ४३९ मध्ये तिथलं कार्थेज शहर घेतलं. ४५५ च्या जूनमध्ये त्यांनी १४ दिवस रोम लुटलं. पण लूट पद्धतशीर होती: खजिना, माणसं, ज्युपिटरच्या देवळाच्या छपराचे मुलामा दिलेले निम्मे पत्रे. पोप लिओने रदबदली केल्यामुळे कत्तल आणि जाळपोळ बरीचशी टळली, असं समकालीन नोंद सांगते. त्याआधी ४१० मध्ये गॉथ या दुसऱ्या जर्मानिक जमातीने रोम लुटलंच होतं. गॉथांच्या नावाची मात्र ‘गॉथिक’ वास्तुशैली झाली (तीही मुळात शिवीच). ५३४ पर्यंत पूर्व रोमन सेनापती बेलिसारियसने व्हँडलांचं राज्य बुडवलं, त्यामुळे बदनामीवर हरकत घ्यायलाही कोणी उरलं नाही. १७९४ मध्ये, फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत राजेशाहीच्या खुणा म्हणून पुतळे आणि ग्रंथ नष्ट होत असताना, बिशप आंरी ग्रेग्वार यांनी या नावापासून ‘व्हांदालिस्म’ (मुद्दाम केलेली नासधूस) हा फ्रेंच शब्द रूढ केला.

बंगाली मजकूर करणारी सहकारी शेजारीच बसते. ती म्हणाली, “आमच्याकडे बर्गी आहे ना!” बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. तिथल्या अंगाईगीतात पोरांना अजून त्यांचाच धाक दाखवतात. यावर मी काही बोललो नाही.

मराठीत अडचण हेतूची: नुकसान मुद्दाम केलंय, हे शब्दातून कळायला हवं. ‘नासधूस’ रानडुकरंही करतात आणि अवकाळी पाऊसही. ‘मोडतोड’ सामान हलवताना होते. ‘विध्वंस’ कोरलेल्या बदामापुढे फार मोठा. ‘घातपात’ म्हटलं की रूळ उखडल्याचा वास येतो. ‘समाजकंटक’ बातमीत चालतो, पण कोळशाने नाव लिहिणाऱ्या कॉलेजकुमाराला तो आपल्याविषयी आहे असं वाटतच नाही. फलक फुकट जातो तो इथेच.

शेवटी माणसाला नाव देणंच सोडलं आणि १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याचं कलम ३० उघडलं. तिथेही भर कृत्यांवरच आहे: नष्ट करणं, काढून नेणं, इजा करणं, विद्रूप करणं. २०१० च्या दुरुस्तीने शिक्षा वाढली आहे. जुन्या फलकांवरून ‘तीन महिने, ५ हजार’ उचललं की चूक होते. फलकासाठी गेलेला मजकूर असा:

‘या वास्तूवर नाव कोरणे, लिहिणे, रंग लावणे किंवा दगड काढणे हा गुन्हा आहे. शिक्षा: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.’