पंच्याऐंशी डिग्री

रविवार, रात्रीचे साडेअकरा. कूलरच्या टाकीतलं पाणी संपत आलंय, पंप घुर्रघुर्र करतोय, उठून दोन बादल्या ओतायच्या तर जिवावर आलंय. त्यापेक्षा लिहून ठेवतो, नाहीतर गेल्या दीड महिन्यात जो राडा केला तो पुढच्या उन्हाळ्यात मी परत पहिल्यापासून करणार, माझा माझ्यावरच भरोसा नाही.

तर आमच्या गच्चीचं तापमान. मी गेल्या वर्षीपासून ते दर दहा मिनिटाला मोजून माझ्या वेबसाईटवर टाकतो. कोण बघतं? पुण्याला गेलेले दोन मावसभाऊ, एक मेव्हणा, आणि मी. पण परभणीत राहून तापमान मोजायचं नाही म्हणजे समुद्राकाठी राहून मासे न खाण्यासारखं आहे. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात येतोच, पण तो तिथला, आमच्या गल्लीतला नाही.

सामान फार काही नाही. एक जुना रास्पबेरी पाय ३, म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, १ जीबी रॅमचा, पुढं त्याला नुसता पाय म्हणतो. त्याला डीएस१८बी२० नावाचा सेन्सर, स्टीलच्या टोपीतला, वॉटरप्रूफ, तीन वायरींचा. डेटाच्या आणि ३.३ व्होल्टच्या वायरीमधी ४.७ किलो-ओहमचा एक रेझिस्टर लावायचा, झालं. सेन्सर नुसता उन्हात टांगला तर तो हवेचं नाही, स्वतःच्या टोपीचं तापमान सांगतो, म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या सात प्लेटा उलट्या करून, मधी फटी ठेवून, एका बोल्टवर ओवल्या आणि त्याच्या पोटात सेन्सर ठेवला. लग्नात उरलेल्या प्लेटा. बायको म्हणाली, अहो हे काय टांगलंय, गल्लीतले लोक विचारतील. विचारलंच. समोरचे काका अजून त्याला अँटेना म्हणतात.

वेबसाईट घरून चालवायच्या भानगडीत मी पडत नाही, हे एक आधीच सांगून ठेवतो कारण यात माझे दोन महिने गेले होते. आमच्याकडं केबलवाल्याचं जे इंटरनेट आहे त्यात आपल्या राऊटरला बाहेरचा खरा पत्ता मिळतच नाही, एकाच पत्त्यामागं बरीच घरं बसवलेली असतात. राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानंही सुरू होणारा दिसला की पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राऊटरमधून घरच्या कॉम्प्युटरकडं वाट काढून द्यायचा नाद सोडायचा, कितीही सेटिंगा केल्या तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. मी उलटं केलं. पाय घरीच पान आणि ग्राफ तयार करतो आणि बाहेरच्या स्वस्तातल्या होस्टिंगवर, म्हणजे वेबसाईट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या जागेवर, नुसती फाईल ढकलतो. घरची लाईट गेली तरी पान दिसत राहतं, फक्त शिळं.

आता मूळ गोष्ट. एप्रिलच्या मध्यात दुपारी तीनला मावसभावाचा मेसेज, "जगात जर्मनी, भारतात परभणी, आता फक्त पंधरा डिग्री राहिले, चहाचं आधण गच्चीवरच ठेव." पान उघडलं तर ८५. साधं नाही, ८५.०००. पुढचा आकडा ४१.६, त्याच्या पुढचा ४१.८, मग परत ८५.

पहिल्यांदा वाटलं सेन्सर गेला. नवीन मागवला, तोही आठ दिवसांनी ८५. मग डोकं लावलं (जे पहिल्यांदाच लावायला पाहिजे होतं) आणि सेन्सरची डेटाशीट वाचली. त्यात सरळ लिहिलंय की सेन्सरला करंट मिळाल्या-मिळाल्या त्याच्या मेमरीत ८५ हाच आकडा भरलेला असतो. खरं तापमान मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो, ७५० मिलिसेकंद. मोजणं पूर्ण व्हायच्या आत त्याचा करंट क्षणभर तुटला की तो परत पहिल्यापासून जागा होतो आणि विचारलं की ८५ सांगतो. म्हणजे ते तापमान नव्हतंच, मी आत्ताच उठलोय, अजून तोंड धुतलं नाही, असं तो सांगत होता आणि मी ते वेबसाईटवर छापत होतो. वर गंमत म्हणजे आकडा वाटेत बिघडला का हे बघायची जी तपासणीची बेरीज असते तीही बरोबर येते, पाय सेन्सरचा आकडा ज्या फाईलमधी देतो तिथं ओळीच्या शेवटी "यस" लिहून येतं, त्यामुळं प्रोग्रामला काही शंका येत नाही.

करंट तुटतोय तर कुठं तुटतोय? गच्चीवर वायर कमी पडली होती म्हणून मी तिला जोड दिला होता, नुसता पीळ मारून वर काळी टेप. एप्रिलच्या उन्हात त्या टेपचा डिंक पातळ होऊन पार खाली ओघळला होता, बोटाला काळं लागलं, आणि पीळ सैल. वारा सुटला की वायर हलायची, वायर हलली की ८५. जोड सोल्डर केला, त्यावर श्रिंक स्लीव्ह चढवली, काडेपेटीनं गरम करून आवळली. तेव्हापासून ८५ बंद. सेन्सर मात्र दोन झाले, एक पडून आहे.

इथं मी खूश झालो आणि इथंच फसलो. कारण त्याच पंधरवड्यात दुसरं दुखणं सुरू होतं, पाय आपोआप रिस्टार्ट व्हायचा, रोज नाही, पण व्हायचा तेव्हा बरोबर दुपारी दोनच्या सुमाराला. मला वाटलं सगळं एकच आहे, जोड नीट केला की हेही जाईल. गेलं नाही. मग घरातल्या प्रत्येकानं एकच निदान केलं, गरमी. पाय जिथं आहे ती खोली पत्र्याची, दुपारी दोनला आत माणूस बसू शकत नाही, मशीन काय बसणार. मलाही पटलं. चिपची गरमी ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे हीटसिंक चिकटवले, छोटा पंखा आणला, तो पायच्याच पिनांवरून चालवला. बंद पडणं वाढलं! पायचं आतलं तापमान बघितलं तर ७१. तो ८० च्या पुढं गेला की स्वतःच आपला वेग कमी करतो, असा फटकन बंद पडत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी पंखाच बदलत बसलो. एकदा गरमीवर बोट ठेवलं की आमच्याकडं दुसरं काही सुचतच नाही.

सोडवलं ते दोघांनी, त्यातली एक माझी लेक. चौथीत आहे, सुट्टी लागलीय, दुपारी त्या खोलीत मांजरीच्या पिलांकडं बघायला जाते. एकदा म्हणाली, "पप्पा, तुमच्या डबीचा लाल लाईट डोळा मारतो." मी म्हटलं मारू दे. पायवर लाल लाईट कायम पेटलेला असतो, तो पॉवरचा. दुसऱ्या दिवशी परत म्हणाली, आधी डिस्क घूं करते मग लाईट डोळा मारतो. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

पायला मी एक जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क लावलेली आहे, बॅकअपसाठी. एरवी ती झोपलेली असते. बॅकअप कधी होतो? दुपारी दोन वाजता. कोणी ठेवला होता? मीच, डिसेंबरात, तेव्हा दुपारची लाईट जात नव्हती म्हणून. आणि विसरून गेलो. म्हणजे दोन वाजता जे होत होतं त्याचा उन्हाशी काडीचा संबंध नव्हता.

दुसरे ते स्टेशन रोडकडचे टीव्ही रिपेअरवाले मामा. त्यांचा मल्टिमीटर मागायला गेलो तर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कामून रे, पंखा लावलास, सेन्सर बदललास, करंट किती येतो ते बगितलंस का?" नाही बघितलं. "मंग काय बगितलंस लेका?" आणि मी आणलेली चार्जिंगची वायर दोन बोटांत धरून चुरगाळली, म्हणाले, ही वायर हाय का दोरा?

घरी येऊन मोजलं. मल्टिमीटरची लाल वायर पायच्या दोन नंबरच्या पिनवर, काळी सहा नंबरवर, तिथं ५ व्होल्ट यायला पाहिजेत. डिस्क झोपलेली असताना ४.८४ व्होल्ट. डिस्क जागी केली, घूं झालं, आकडा ४.४ च्या आसपास घसरला, लाल लाईट विझून पेटला. पाय ३ वर तो लाईट ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की विझतो, ती खराबी नाही, तसाच बनवलाय. पोरीनं बघितलं ते बरोबर, बिचारा दीड महिना डोळा मारून सांगत होता.

हिशोब मामांनी सांगितला तसा मांडतो. बारीक चार्जिंग वायरीत, २८ गेजची म्हणतात ती, एक मीटर लांबीला जाताना-येताना मिळून साधारण ०.४ ओहम रेझिस्टन्स भरतो. फिरायला लागताना डिस्क एकटीच एक अँपियरच्या आसपास ओढते, पाय धरून दीड. दीड गुणिले ०.४ म्हणजे ०.६ व्होल्ट वायरीतच मेले. ५ मधून ०.६ गेले, राहिले ४.४. चार्जर चांगला २ अँपियरचा होता, त्याचा काही दोष नाही. आणि मी वरून जो पंखा लावला तोही त्याच वायरीतून करंट ओढत होता, म्हणून बंद पडणं वाढलं. मोबाईलला अशी वायर चालून जाते कारण मोबाईल हळू चार्ज होतो आणि तक्रार करत नाही. घरात एखादी वायर लावली की मोबाईल रडत-रडत चार्ज होतो ना, ती वायर कशालाही पॉवर म्हणून लावू नका. आणि पोर्टेबल डिस्क कॉम्प्युटरच्या पुढच्या यूएसबीला लावल्यावर टकटक करून गायब होत असेल तर लगेच डिस्क गेली म्हणून रडू नका, आधी मागच्या पोर्टला लावून बघा, पुढच्या पोर्टापर्यंत आतून अशीच बारीक वायर गेलेली असते.

पायला विचारताही येतं. एक कमांड आहे, व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड (vcgencmd get_throttled), टाकली की एक आकडा देते. शून्य आलं तर निवांत. शून्य-एक्स-५०००० आलं तर चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि त्यानं वेगही कमी केला होता, शेवटच्या शून्याच्या जागीही ५ आलं तर आत्ता या क्षणी पडलेलंय. माझ्याकडं ५०००५ आलं. कर्नलच्या, म्हणजे पायच्या मूळ सिस्टिमच्या, लॉगमधी (नोंदवहीत) तर "अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड" असं धडधडीत लिहिलेलं, ओळीखाली ओळी. लॉग उघडायचा सोडून मी पंखे मागवत होतो.

आता ५.१ व्होल्ट, २.५ अँपियरचा ॲडॅप्टर आणलाय, जाड वायर कायमची जोडलेली. ५ च्या ऐवजी ५.१ का, तर वायरीत थोडं मरणारच हे बनवणाऱ्यानं धरलेलं असतं.

इथं संपायला पाहिजे होतं, पण ८५ च्या रागात मी प्रोग्राममधी एक शहाणपणा करून ठेवला होता. नियम असा, मागच्या आकड्यापेक्षा पाच डिग्रीहून जास्त फरक आला तर नवा आकडा खोटा, फेकून दे, जुनाच ठेव. गच्चीचं तापमान दहा मिनिटात पाच डिग्री कशाला बदलेल?

गुरुवारी संध्याकाळी पावणेपाचला वळीव आला. आधी फुफाटा, मग अंधारून आलं, पत्रे वाजायला लागले, आई दारात उभी राहून म्हणत होती, आरं वाळवण आत घ्या, सांडगे भिजले. दहा मिनिटात हुडहुडी भरली. मी भिजत-भिजत खुशीत होतो की आज ग्राफ काय सुंदर पडला असंल, कडेलोट. रात्री पान उघडलं तर सरळ आडवी रेघ, ४१.२. सेन्सरनं खरा आकडा सांगितला, प्रोग्रामनं तो खोटा ठरवला, आणि मग प्रत्येक नवा आकडा त्या ४१.२ शीच ताडून बघितला, रात्रभर. दुसऱ्या दिवशी ऊन परत तापेपर्यंत आमच्या गच्चीवर ४१.२ च होतं. रात्री दोनला मावसभावाचा मेसेज, "एवढ्या रात्री एक्केचाळीस? जिवंत आहात ना?"

वाईट याचं वाटतं की सेन्सरचे मूळ आकडे मी साठवतच नव्हतो, फक्त गाळलेले. त्यामुळं तो वळीव गेला तो गेलाच, हिकडचा तिकडचा कुठूनच परत काढता येत नाही. आज दुपारभर बसून ते बदललं. आता सेन्सर जे म्हणतो ते जसंच्या तसं एका फाईलीत जातं, खोटं असो का खरं, गाळणं फक्त ग्राफ काढताना, आणि तेही फक्त नेमका ८५.००० असेल तरच. पाच डिग्रीचा नियम पुसून टाकला.

आठवडाभर काढून ठेवलेली हार्ड डिस्कही आज परत जोडली. हातानं तीनदा बॅकअप चालवून बघितला, ४.९७ च्या खाली आकडा आला नाही, लाल लाईट ढिम्म. पण खरा बॅकअप उद्या दोनला. मी ऑफिसातून जेवायला घरी येणार आहेच, पण लेकीनं आत्तापासून सांगून ठेवलंय, "पप्पा, तुम्ही डिस्ककडं बघा, लाईटकडं मी बघते."

पंप कोरडा पडला बहुतेक, आवाज बदलला. उठतो.