नंबर शून्य, डोळे कोरडे आणि वरून जळगावचा मे

लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, करून आता बरीच वर्षं झाली. साडेपाचचा नंबर होता, तो गेला तो गेलाच. तपासायला गेलं की तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचते, फाइलवर 6/6 लिहिलं जातं आणि समोरचा म्हणतो एकदम छान. आणि इकडे दुपारी तीननंतर कॉम्प्युटरवर टॅलीच्या हिशोबात 3 आणि 8 मला सारखेच दिसायला लागतात, दोनदा पापण्या मिटल्या की परत स्पष्ट, थोड्या वेळाने परत धूसर. त्या तक्त्यावर हे कधी सापडत नाही, कारण तिथे आपण मिनिटभरच बसतो ना.

घरात समजावणं तर त्याहून अवघड. आमच्या आजेसासूंचा साधा प्रश्न, "डोयामा पानी ते ई राहिनं, मंग कोरडा कसा?" आता काय सांगणार. डोळ्यावरचा ओलावा म्हणजे नुसतं पाणी नसतं, आत चिकट थर, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा पातळ थर, ते तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींमधून येतं. तेल कमी पडलं की पाणी भसाभस उडून जातं, डोळा वाळतो, चुरचुरतो, मग शरीर घाबरून एकदम पाणी सोडतं आणि ते गालावरून ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही. म्हणजे रडका चेहरा आणि कोरडा डोळा, दोन्ही एकदम.

लेसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा कापून बाजूला उलटतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. त्या कापण्यात कॉर्नियातल्या नसाही कापल्या जातात, आणि डोळा वाळतोय, पाणी सोड, पापणी मिट, हा निरोप पोचवायचं काम त्याच नसांचं. सुरुवातीचे काही महिने कोरडेपणा बहुतेकांना होतो, सहा महिने ते वर्षभरात नसा बऱ्यापैकी परत वाढतात आणि विषय मिटतो. थोड्या लोकांचं मात्र लटकून राहतं. आता स्माइल म्हणून पद्धत आहे, त्यात पापुद्रा नसतो, छोटी चीर देतात, नसा कमी तुटतात, पण अजिबात तुटत नाहीत असं नाही.

माझी तक्रार ऑपरेशनवर नाहीच, तक्रार ही की आधी डोळ्यातल्या पाण्याची टेस्ट कुणी केली नाही. खूप नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी केली. कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि 5 मिनिटं बसवतात, 10 मिलिमीटरच्या वर ओली झाली तर ठीक, 5 च्या आत म्हणजे चांगलाच कोरडेपणा. माझी पट्टी बऱ्यापैकी ओली आली! मग त्यांनी पिवळा रंग टाकला, निळ्या लाइटखाली बघत म्हणाले आता पापणी मिटू नका, आणि ओलाव्याचा थर किती सेकंदात फाटतो ते मोजलं. 10 सेकंद तरी टिकायला हवा, माझा तीन-चार सेकंदातच फाटला. म्हणजे पाणी आहे, तेलाची बोंब आहे. इतके दिवस मी नुसते पाण्यासारखे ड्रॉप टाकत होते, ते उडून जात होते, त्यात त्या ड्रॉपचा तरी काय दोष.

तेलाचा उपाय म्हणजे शेक. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटात गार होतो म्हणून मी दादरची, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीची, पुरचुंडी केली, सुती कापडात मूठभर दादर, तव्यावर गरम करायची, आधी मनगटावर लावून बघायची, पापणीवर ओलं फडकं आणि वर पुरचुंडी, आठ-दहा मिनिटं. नंतर बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर अशी हलकी दाबायची म्हणजे घट्ट झालेलं तेल मोकळं होतं. रोज करावं लागतं, चार दिवस सोडलं की पाचव्या दिवशी कळतं.

ड्रॉपचं सांगते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकायची वेळ आली तर प्रिझर्वेटिव्ह नसलेलेच घ्या, ते प्रिझर्वेटिव्ह स्वतःच डोळा वाळवतं. छोट्या छोट्या नळ्या येतात, महाग पडतात, पण फरक आहे. मेडिकलवरून लाली घालवायचे ड्रॉप आणू नका, ते नुसत्या रक्तवाहिन्या आवळतात, बंद केले की लाली दुप्पट. स्टिरॉइडचे तर डॉक्टरशिवाय अजिबात नको, डोळ्यातलं प्रेशर वाढतं. सायक्लोस्पोरिन म्हणून डोळ्याची आतली सूज कमी करणारं औषध मला दिलं होतं, टाकलं की झोंबतं आणि फरक पडायला महिने लागतात, दोन आठवड्यांत वैतागून सोडायचं नाही.

आता आपल्या खान्देशचं, जे कुठल्या पत्रकावर छापलेलं नसतं. मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हिशोबाला आहे, दिवाळीनंतर कापूस आला की हवेत सगळीकडे तंतू, शिंका सुरू, मग ॲलर्जीची सेट्रिझिन, आणि ती गोळी नाकाबरोबर डोळेही वाळवते! डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे डोक्यात आलं. उन्हाळ्यात पारा 44-45 ला जातो, झळा लागतात, पंपावर पेट्रोल भरेपर्यंत डोळे लाल. स्कार्फ बांधतोच आपण, वर कडेने बंद असलेला गॉगल घालते. आणि एसीपेक्षा कूलर बरा, हे माझं ठाम मत. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, कूलर ओलावा सोडतो. फक्त त्याचा झोत तोंडावर नको, जाळी भिंतीकडे वळवायची. यावरून घरात महाभारत झालंय, कारण बाकी सगळ्यांना झोत तोंडावरच हवा असतो. थंडीत शेतात भरीत पार्टी असली की पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) धूर कुठे जातो ते बघून मी उलट्या बाजूला बसते, वांगी भाजायला मला कुणी बोलावत नाही, तेवढा फायदा.

रात्री जेल टाकून झोपते. सकाळी डोळे एकदम उघडत नाही, मिटल्या मिटल्याच बुबुळं इकडेतिकडे फिरवायची, मग हळूच. नाहीतर पापणी चिकटलेली असते आणि सटकन सोलल्यासारखं होतं.

माझ्या मावसबहिणीला आता लेसिक करायचंय. मी नको म्हटलं नाही, बऱ्याच जणांचं छान होतं. एवढंच म्हटलं की आधी पट्टीची आणि पिवळ्या रंगाची टेस्ट मागून घे, आणि दिवसभर एसीत कॉम्प्युटरसमोर बसते हे तोंडाने सांग, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. सोमवारी धुळ्याला जातेय, रिपोर्ट आला की फोटो टाकते म्हणाली.