‘माझ्याकडे तर चालतंय’

“मॅडम, तुमच्याकडे चालतंय हे मला रोज कळतं. तिकडं का चालत नाही, तेवढं एकदा सांगा.”

सपोर्टवर बसणाऱ्या मुलानं हे तोंडावर सुनावलं तेव्हा मला राग आला होता. त्या रागातच वहीचं एक पान मधोमध दुमडलं, डावीकडे ‘इथं’ लिहिलं आणि उजवीकडे ‘तिथं’. तेव्हापासून तक्रार आली की कोड उघडण्याआधी मी ही वही उघडते. प्रोग्राम तोच, फाइल तीच, तरी दोन जागी दोन तऱ्हा, म्हणजे कुठंतरी काहीतरी वेगळं असणारच. बरीच वर्षं डेस्कटॉपवर काढली, मग वेबकडे आले, पण वही तीच राहिली.

पहिल्याच पानावर एक्सेल आहे. आमचा प्रोग्राम एक्सेलच्या शीट्स वाचून डेटाबेसमध्ये भरायचा. एका ग्राहकाकडे बटण दाबलं की संदेश यायचा, ‘मायक्रोसॉफ्ट.एस.ओएलईडीबी.१२.० हा प्रोव्हायडर या मशीनवर नोंदलेला नाही.’ प्रोव्हायडर म्हणजे एक्सेलची फाइल वाचून देणारा मधला तुकडा. मी म्हटलं, इन्स्टॉल करा. त्यांनी केला. संदेश तोच. काढून परत टाकला, मशीन रीस्टार्ट केलं, तरी तोच. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी वहीत दोन्हीकडची माहिती ओळीनं लिहायला घेतली. विंडोज दोन्हीकडे सारखं, ऑफिसही दोन्हीकडे. पण माझं ऑफिस ३२-बिट आणि त्यांचं ६४-बिट.

आमचा प्रोग्राम ३२-बिटचा होता. ३२-बिट प्रोसेसला ६४-बिट डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायच्या कोडची फाइल) आत घेता येत नाही, आणि प्रोव्हायडर शोधताना ती विंडोजच्या नोंदवहीच्या, म्हणजे रजिस्ट्रीच्या, ३२-बिटवाल्या कप्प्यातच बघते. त्या कप्प्यात काहीच नव्हतं. म्हणजे संदेश खोटा नव्हता, फक्त अर्धवट होता. ‘माझ्या बाजूला नोंदलेला नाही’ असं त्यानं म्हटलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते. ऑफिस २०१९ पासून इन्स्टॉल करताना ६४-बिट हीच ठरलेली निवड झाली, त्यामुळे हा घोटाळा पुढं जास्तच भेटायला लागला. प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या बांधायच्या आणि ज्याचं ऑफिस जसं त्याला तशी द्यायची, हा आमचा उपाय. फारसा देखणा नाही, पण अजून टिकून आहे.

या प्रकरणात विंडोजनं ठेवलेल्या नावांनी माझी आणखी एक संध्याकाळ खाल्ली. ६४-बिट विंडोजवर ‘सिस्टम३२’ या फोल्डरमध्ये ६४-बिट फाइली असतात, आणि ३२-बिट फाइली असतात ‘सिसवॉव६४’ मध्ये. उलटं वाचलं असं वाटेल, पण तसंच आहे. जुन्या प्रोग्रामांमध्ये ‘सिस्टम३२’ हे नाव थेट लिहून ठेवलेलं असायचं. ते मोडू नयेत म्हणून फोल्डरचं नाव तसंच ठेवलं आणि आतला माल बदलला. डेटाबेसची जोडणी ठरवणाऱ्या ओडीबीसीची खिडकी उघडणारी फाइलसुद्धा दोन्ही फोल्डरांत एकाच नावाची आहे, आणि त्या नावाच्या शेवटी दोन्हीकडे ३२ आहे! मी एकीकडे डेटा सोर्स बनवत होते आणि प्रोग्राम दुसरीकडे शोधत होता.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. ग्राहकाकडे चालतंय आणि माझ्याकडे कोसळतंय. विनफॉर्म्समध्ये, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम बांधायच्या चौकटीत, काम केलेल्यांना ती एरर ओळखीची असेल. बॅकग्राउंड थ्रेडमधून, म्हणजे मागे समांतर चालणाऱ्या कामातून, लेबलचा मजकूर बदलायला जावं आणि ‘हे कंट्रोल ज्या थ्रेडवर जन्मलं त्याऐवजी दुसऱ्याच थ्रेडवरून हाताळलं गेलं’ असं म्हणून प्रोग्राम आडवा व्हावा. पण तोच प्रोग्राम बाहेर नेऊन नुसता डबल-क्लिक करून चालवला की एकदम गुणी बाळ. कारण साधं आहे. ही तपासणी करायची की नाही हे सांगणारा ध्वज मुळात ‘डीबगर (चुका शोधायचं साधन) जोडलेला आहे का’ एवढ्यावरच ठरतो. डीबगर नसेल तर तपासणीच होत नाही. चूक मात्र जागच्या जागी असते.

तेव्हा मी नवीन होते. इंटरनेटवर एक ओळ सापडली, तो ध्वज बंद करणारी. टाकली, एरर गेली, मला फार हुशार वाटलं. काही महिन्यांनी स्क्रीनशॉट यायला लागले. ग्रिडच्या जागी पांढरा चौकोन आणि त्यावर आरपार मोठी लाल फुली. चित्र काढताना कंट्रोल आतूनच कोसळलं की विनफॉर्म्स ती फुली मारतं आणि मग तो फॉर्म बंद करून परत उघडेपर्यंत पुन्हा प्रयत्नच करत नाही. एका थ्रेडनं ग्रिड रंगवायचं, त्याच क्षणी दुसऱ्यानं त्यातल्या ओळी काढायच्या, दुसरं काय होणार? शेवटी ती ओळ काढली आणि प्रत्येक ठिकाणी बिगिन-इन्व्होक लावून काम पडदा सांभाळणाऱ्या यूआय थ्रेडकडे सोपवलं. तीनेक दिवस गेले. ती ओळ आजही कुणाच्या कोडमध्ये दिसली की मी रिव्ह्यू पुढं वाचतच नाही, आधी ती काढायला लावते.

माझं सगळ्यात लाडकं पान मात्र जीडीआयचं, म्हणजे विंडोजच्या चित्रं काढणाऱ्या भागाचं, आहे. तक्रार अशी होती की प्रोग्राम ‘अधूनमधून’ बिघडतो. बटणं कोरी होतात, मेनू काळा पडतो, मग जीडीआय प्लसमधली एक मोघम एरर येते आणि सगळं संपतं. मी माझ्याकडे शंभरदा चालवलं, काही झालं नाही. दोन्ही मशीनं सारखी, विंडोज सारखं, ग्राफिक्स कार्डसुद्धा तेच. वहीत फरकाची एकही ओळ भरेना.

‘अधूनमधून’ या शब्दावर माझा विश्वास नाही. सपोर्टच्या त्या मुलाला सांगितलं, प्रोग्राम कधी उघडला आणि कधी बिघडला, एवढं आठवडाभर लिहून घे. त्यानं आणलेल्या कागदावर दर वेळी पावणेतीन तासांच्या आतबाहेरचा आकडा होता. मग डोक्यात प्रकाश पडला. स्क्रीनच्या कोपऱ्यात कनेक्शनची स्थिती दाखवणारं नखाएवढं चित्र होतं आणि ते मी दर सेकंदाला नव्यानं काढत होते. त्यासाठी बिटमॅपकडून एक हँडल, म्हणजे ते चित्र धरून ठेवणारा क्रमांक, घेत होते. असं घेतलेलं हँडल आपणच डिलीट-ऑब्जेक्ट करून परत करायचं असतं, न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर त्याला हात लावत नाही. मी परत करत नव्हते. विंडोज एका प्रोसेसला मुळात १०,००० जीडीआय हँडल देतं. सेकंदाला एक या हिशोबानं १०,००० सेकंद, म्हणजे २ तास ४६ मिनिटं ४० सेकंद. आकडेमोड जुळली तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन चकरा मारल्या.

आणि माझ्याकडे का होत नव्हतं? मी तो प्रोग्राम कधी दहा मिनिटांपेक्षा जास्त उघडा ठेवलाच नव्हता. उघडायचं, बघायचं, बंद करायचं, कोड बदलायचा. वापरणारी माणसं सकाळी उघडतात आणि घरी जाताना बंद करतात. तेव्हापासून वहीत ‘किती वेळ चालू होता’ ही ओळ कायमची आली. टास्क मॅनेजरच्या तपशिलांच्या टॅबमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हा रकाना मुद्दाम चालू करावा लागतो. तो चालू करून प्रोग्राम तासभर सोडून द्यावा. आकडा खालीवर होत असेल तर ठीक, नुसताच चढत असेल तर गळती आहे. रॅमच्या आकड्यात हे दिसेलच असं नाही. माझी चित्रं इतकी छोटी होती की दहा हजार साचून मेमरी जेमतेम दहा एमबीनं वाढली होती.

वेबवर आले तेव्हा वाटलं होतं, सुटलो, आता सगळ्यांकडे एकच सर्व्हर आणि एकच ब्राउझर. पण फरक तिथंही आहेतच, नुसती जागा बदलली.

सीओआरएसनं, म्हणजे एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटचं उत्तर वाचू द्यायचं की नाही याच्या ब्राउझरच्या नियमांनी, आमच्या टीमचे किती दिवस खाल्ले असतील, मोजलेले नाहीत. पोस्टमन या चाचणीच्या साधनातून एपीआय (सर्व्हरकडे माहिती मागायची सोय) चालतो, ब्राउझरमधून नाही, म्हणून नवी मुलं सर्व्हरला दोष देतात. पोस्टमन मुळात ते नियम बघतच नाही. दुसऱ्या ओरिजिनकडून आलेलं उत्तर पानाच्या हाती द्यायचं की नाही, हे ब्राउझर ठरवतो. इतपत सगळे लवकर शिकतात. मला जे उशिरा कळलं ते वेगळं आहे. एका पानावर बाकी सगळ्या नोंदी उघडायच्या आणि एकच नोंद उघडताना कन्सोलमध्ये सीओआरएसची लाल ओळ यायची. मी दिवसभर सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणारं परवानगीचं हेडर बदलत बसले. पण हेडर चुकीचं असतं तर सगळ्याच नोंदी अडल्या असत्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. खरं कारण असं की त्या नोंदीत एक रकाना रिकामा होता, त्यावर सर्व्हरचा कोड कोसळत होता आणि ५०० चं, म्हणजे सर्व्हर बिघडल्याचं, उत्तर येत होतं. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर होता. त्यात ॲड-हेडर ही सूचना नुसती लिहिली तर हेडर २०० किंवा ३०२ सारख्या ठरावीक उत्तरांनाच लागतं, ४०४ किंवा ५०० ला नाही. सगळ्यांना लागायला हवं असेल तर शेवटी ‘ऑलवेज’ लिहावं लागतं. हेडर नाही म्हणून ब्राउझर ते उत्तर कोडला देत नाही आणि सीओआरएसच्या नावानं ओरडतो. आता ती लाल ओळ दिसली की मी पहिल्यांदा सर्व्हरचा लॉग उघडते.

कॅशबद्दल, म्हणजे ब्राउझरनं साठवलेल्या जुन्या फाइलींबद्दल, थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल सगळेच लिहितात. ‘कंट्रोल एफ-फाइव्ह दाबून बघा’ हा उपाय नाही, ती पळवाट आहे. फाइलच्या नावातच तिच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) टाका, बदल झाला की नाव बदलेल. आणि सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारा कोड) लावला असेल तर तो आपल्या परवानगीशिवाय जुन्याच फाइली देत राहू शकतो, हे कुठंतरी ठळक लिहून ठेवा.

तारखा मात्र मला अजून चकवतात. फॉर्ममध्ये जन्मतारीख १ भरली आणि सेव्ह करून उघडली की आदल्या महिन्याची शेवटची. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख, म्हणजे ‘२०२४-०३-०१’ अशी, डेटला दिली तर ती यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची जागतिक वेळ, धरली जाते. तिच्यापुढं वेळ जोडली आणि टाइमझोन लिहिला नाही तर स्थानिक धरली जाते. एकाच फंक्शनचे हे दोन स्वभाव! ग्रिनिचच्या पश्चिमेला बसलेल्याला पहिल्या प्रकारात एक दिवस मागे दिसतो. पूर्वेला बसलेल्याचा घात दुसरीकडून होतो. स्थानिक मध्यरात्रीची तारीख आयएसओ स्ट्रिंगमध्ये बदलायला गेलं की ती यूटीसीत आदल्या दिवशी जाऊन पडते. डेव्हलपर एका टाइमझोनमध्ये, टेस्टर दुसऱ्या आणि सर्व्हर यूटीसीवर, मग तिघांची भांडणं, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर. जन्मतारखेला वेळ नसते, म्हणून मी ती आता डेट ऑब्जेक्टमध्ये घालतच नाही, साध्या मजकुरासारखी नेते आणि आणते.

याचाच चुलतभाऊ मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये भेटला होता. जर्मन सेटिंग असलेल्या मशीनवर ‘१.५’ हा मजकूर डबलमध्ये, म्हणजे दशांश आकड्यात, वाचला की १५ होतो, कारण तिथं टिंब हजारांच्या गटांसाठी आणि दशांशासाठी स्वल्पविराम. एरर नाही, इशारा नाही, नुसता दहापट आकडा. फाइलीतून वाचताना आणि फाइलीत लिहिताना कुठल्याच देशाचं नसलेलं इन्व्हेरिअंट कल्चर द्या, पडद्यावर दाखवताना वापरणाऱ्याचं.

आणि जेव्हा ‘गेल्या महिन्यात चालत होतं’ असं कानावर येतं, तेव्हा ‘इथं’ आणि ‘तिथं’ खोडून मी ‘तेव्हा’ आणि ‘आता’ लिहिते. तिथं गिट बायसेक्ट कामाला येतं. गिट कोडचे बदल जपून ठेवतं, आणि जपलेल्या प्रत्येक बदलाला कमिट म्हणतात. मधल्या हजार कमिट असल्या तरी दरवेळी निम्म्या कटतात, साधारण दहा तपासण्यांत दोषी कमिट हाती लागते. अट एकच, प्रत्येक कमिट निदान बिल्ड तरी व्हायला हवी. आमच्याकडे पूर्वी होत नसे, त्याबद्दल टीममध्ये मी बरंच बोलून घेतलंय.

सध्या वहीत एक पान अडलेलं आहे. मशीन रीस्टार्ट केल्यावरच्या पहिल्या प्रिंटमध्ये दुसरं पान कोरं येतं, दुसऱ्या प्रिंटपासून सगळं नीट. एकाच ग्राहकाकडे, तिथल्याही एकाच मशीनवर. प्रिंटर, ड्रायव्हर, फाँट, वापरणाऱ्याचे अधिकार, सगळं शेजारच्या मशीनसारखंच आहे. सपोर्टच्या मुलाला उद्या पहिला प्रिंट रीस्टार्टनंतर वीस मिनिटं थांबून काढायला सांगितलंय.