लुईसची आग

५ नोव्हेंबर, मध्यरात्र उलटली

केस दोनदा धुतले तरी धुराचा वास जात नाही. उद्या ऑफिसात सगळ्यांना कळणार, ही कुठे होती ते.

लुईस हे दक्षिण इंग्लंडातलं छोटं गाव, ब्रायटनहून पंधरा मिनिटांची गाडी. पण आज बॉनफायर नाइट, इंग्लंडातली शेकोट्या-फटाक्यांची रात्र. संध्याकाळी तिथे गाड्या थांबतच नाहीत, रस्तेही बंद. बाहेरच्यांनी येऊ नये असं प्रशासनच बजावतं. म्हणून दुपारीच मैत्रिणीच्या घरी जाऊन बसले. ती मूळची तिथलीच. हायस्ट्रीटवरचे दुकानदार काचांवर प्लायवूड ठोकत होते. सण की दंगल, असं कुणालाही वाटेल.

या रात्रीमागची गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. १६०५ साली काही कॅथलिक मंडळींनी प्रोटेस्टंट राजा पहिला जेम्स याला संसदेसकट उडवायचं ठरवलं. हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या खाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं रचली आणि राखणीला गाय फॉक्स बसला. तो आधी स्पेनच्या सैन्यात होता, दारूगोळ्यातलं त्याला कळायचं. एका निनावी पत्रामुळे बिंग फुटलं आणि तो पकडला गेला. कटाचा खरा सूत्रधार रॉबर्ट केट्सबी, पण त्याला आज कोण ओळखतं? पुतळा होऊन दरवर्षी जळतो तो पहारेकरी फॉक्सच. संसदेने लगेच कायदाच केला की दरवर्षी ५ नोव्हेंबरला चर्चमध्ये देवाचे आभार मानायचे. तो कायदा १८५९ साली रद्द झाला. लोकांनी आग काही विझवली नाही.

बाकी इंग्लंडात आता हा पोराबाळांचा सण आहे. मैदानावर तिकीट काढून आतषबाजी बघायची, टॉफी अ‍ॅपल चघळायचं. यॉर्कशायरकडे ओटचं पीठ आणि काकवी घालून पार्किन नावाचा केक करतात, तो मला फार आवडतो. आल्याचा झणका असतो त्याला. शेकोटी पेटवण्याआधी लाकडांत साळिंदरासारखा तो काटेरी हेजहॉग लपलाय का ते बघा, असं दरवर्षी सांगतात. पोप, कॅथलिक, राजद्रोह यातलं कुणाच्या मनातही नसतं.

लुईसच्या मनात अजून आहे. कॅथलिक राणी मेरी ट्यूडरच्या काळात, १५५५ ते १५५७ या दोन वर्षांत, इथे १७ प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं. त्यातले दहा एकाच दिवशी, २२ जून १५५७ ला. आज मिरवणुकीत त्यांच्या नावाने पेटते १७ क्रूस नेतात. गावात बॉनफायर सोसायट्या सहा-सात, प्रत्येकीचे आडव्या पट्ट्यांचे स्मगलरी स्वेटर वेगळ्या रंगाचे, प्रत्येकीचा मार्ग वेगळा, शेवटची आगही वेगळी. मशाली इतक्या की चेहऱ्याला झळ लागते. जळती डांबराची पिंपं ढकलत माणसं धावतात. पायाशी फटाके फुटत असतात. मैत्रिणीने आधीच कानात घालायला बोळे दिले होते. मग स्मारकापाशी युद्धात गेलेल्यांना फुलं वाहताना सगळं एकदम थांबतं, आणि परत धडाडधूम. राजकारण्यांचे भलेमोठे पुतळे दारू भरून उडवतात, ते बघून मी मनापासून हसले.

पण क्लिफ सोसायटी आली आणि माझं हसू जरा अडलं. ‘पोपशाही नको’ असा फलक, आणि मागून पाचव्या पॉलचा, म्हणजे १६०५ साली गादीवर असलेल्या पोपचा पुतळा. पुढे शेवटच्या आगीपाशी बिशपचं सोंग घेतलेला माणूस भाषण करतो आणि लोक त्याच्याच अंगावर फटाके फेकतात. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, हा इतिहास आहे, कुणावर राग नाही.’ ती स्वतः कॅथलिक घरात लग्न करून गेलीय, तेव्हा तिचं खरंच असेल.

मी गोव्याची. जळणारा पुतळा मला नवा नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे आमचा वाडा नरकासुर जाळतो, रात्रभर ढणढणाटात मिरवून. पण त्याचं कुणाशी वैर नाही, असुराचे नातेवाईक आमच्या शेजारी राहत नव्हते. शेजारी राहत होते ते ख्रिश्चन. नाताळात त्यांच्या नेवऱ्या आमच्याकडे, चवथीला आमच्या त्यांच्याकडे.

आणि हिशेब मांडायचाच तर आमचाही आहे की. लुईसला ते दहा जण जळाले त्यानंतर तीनच वर्षांनी, १५६० मध्ये, गोव्यात पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं. त्याच सुमारास आमचा मंगेश कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला हलवावा लागला. आजी ही गोष्ट सांगायची, आणि सांगता सांगता शेजारच्या मावशींना हाक मारून मासळी आली का विचारायची. त्या आठवणीचा पुतळा आमच्याकडे कुणी केला नाही. केला असता तर तोही असाच चारशे वर्षांनी ‘इतिहास’ झाला असता का, की शेजारच्या नेवऱ्या बंद झाल्या असत्या? लुईसच्या लोकांना ते जमलंय असं दिसतं. आम्हाला जमलं असतं असं मला वाटत नाही.

तरी पुढच्या वर्षी जाईन. इतकं बेफाम, सरकारी शिस्तीत न बसलेलं काही या देशात फार उरलेलं नाही.

शिस्तीवरून आठवलं. इंग्लंडात एरवी रात्री अकरानंतर फटाके उडवायला बंदी. आजच्या रात्री बारापर्यंत मुभा, आणि दिवाळीला चक्क एकपर्यंत! गाय फॉक्सपेक्षा तासभर जास्त. आणि आमचं महाराष्ट्र मंडळ? हॉलचं भाडं दहापर्यंतचंच भरलेलं असतं, म्हणून साडेनऊलाच खुर्च्या गोळा करायला लावतात.