मामाचं पिस्तूल आणि पाव मिलिमीटर

मामा गेल्यावर त्याचं पिस्तूल परवान्याच्या सगळ्या कागदांनिशी माझ्याकडे आलं. तळहातावर मावणारं, ७.६५ मिमीचं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढच्या गाऱ्हाण्यांत निम्मा दोष माझाच आहे. सोबत काडतुसं भरायची दोन मॅगझिन होती आणि मामाचं एक कायमचं वाक्य: "हे कधी अडत नाही रे." रेंजवर पहिल्याच दिवशी ते अकरा गोळ्यांत तीनदा अडलं.

मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. काही अडलं की माझा हात आपोआप फाईलकडे जातो. मॅगझिनमधून काडतूस ज्या उतारावरून नळीत चढतं, त्या उतारावर मला संशय आला. एक संध्याकाळभर बारीक पॉलिश पेपर घासून तो आरशासारखा केला. पुढच्या रविवारी पिस्तूल तितक्याच निष्ठेने अडलं. नशीब एवढंच, की मी फक्त चकाकी आणली, उताराचा कोन बदलला नाही. तो बदलला असता तर फ्रेमच, म्हणजे पिस्तुलाचा सांगाडाच, भंगारात गेली असती.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं: अडलेल्या काडतुसाकडे नीट पाहिलं. ते नळीच्या मागच्या तोंडाशी अडलंच नव्हतं, मॅगझिनमध्येच रुतलं होतं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागेपुढे करून सुटेना. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे ठेवून मॅगझिन जोर लावून बाहेर ओढलं, तेव्हा दिसलं. वरच्या काडतुसाच्या बुडाची कड खालच्याच्या कडेमागे घसरून अडकली होती. पुढे ढकलावं तर खालचं त्याला धरून ठेवणार.

बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला. या काडतुसाचं बूड ९.१ मिमी आणि अंग साधारण ८.६ मिमी. म्हणजे कड दोन्ही बाजूंना जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर. जॉन ब्राउनिंगने हे काडतूस केलं आणि एफएन या बेल्जियन कंपनीच्या १९०० च्या पिस्तुलाबरोबर ते जगभर गेलं. नळीत काडतूस किती आत जावं हे ही इवलीशी कडच ठरवते, म्हणून ती ठेवलेली. १९०८ साली ब्राउनिंगचंच ९ मिमी शॉर्ट हे काडतूस आलं, त्यात ही बाहेर आलेली कड नाही. तिथे पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचं, तोंडच चेंबरमधल्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेतल्या) पायरीला टेकतं, त्यामुळे हे दुखणंही नाही.

पण मग मामाचं कधी अडलं नाही ते कसं? मामा साध्या, पूर्ण तांब्याचं कवच असलेल्या गोल नाकाच्या गोळ्या वापरायचा. अशा अख्ख्या काडतुसाची लांबी २५ मिमी. मी हौसेने पोकळ टोकाच्या आणल्या होत्या. माझ्या व्हर्निअरवर त्या जवळजवळ २ मिमी आखूड भरल्या. मॅगझिन मात्र २५ च्या हिशोबाने केलेलं. मधल्या २ मिमीत काडतुसं पुढेमागे नाचत होती, धक्क्यासरशी वरचं मागे सरकत होतं आणि कड कडेमागे जात होती. गोल नाकाच्या गोळ्या घातल्या, आणि पुढच्या दोन रविवारी हा प्रकार एकदाही झाला नाही. घासलेला उतार अजून चकाकतोय, निष्कारण.

छोट्या पिस्तुलाची एक मूळ अडचण आहे, आणि ती कुणा कारखान्याची चूक नाही. त्यात सगळं घाईत होतं. माझ्या पिस्तुलात नळीला स्लाइडशी जखडणारं कुलूप नाही. बार झाल्यावर नळीतला दाब उतरेपर्यंत पुंगळी जागेवर राहते ती स्लाइडच्या वजनामुळे आणि तिच्या स्प्रिंगमुळे. स्लाइड लहान म्हणजे हलकी, म्हणून स्प्रिंग कडक. स्लाइडला मागे जायला जागाही थोडी. तेवढ्यात पुंगळी खेचून बाहेर फेकायची आणि मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणून ठेवायचं. मोठ्या पिस्तुलात एखादी स्प्रिंग थोडी दमली तरी खपून जातं. इथे स्लाइड पुढे निघून जाते आणि काडतूस अजून वाटेत असतं.

दुसरं प्रकरण मुलीचं. तिच्याकडे स्वतःचा परवाना आहे, ती अधूनमधून माझ्याबरोबर रेंजवर येते. तिच्या हातात पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकायची, चिमणीसारखी. माझ्या हातात नाही. ती म्हणाली, "बाबा, याला फक्त तुम्हीच आवडता." मी पुंगळी खेचून काढणारा एक्स्ट्रॅक्टर तपासला, त्याच्या नखाखालची काजळी दातकोरणीने काढली, त्याची स्प्रिंग पाहिली. सगळं ठीक. मग तिच्या मनगटाकडे पाहिलं. स्लाइड मागे जायला फ्रेम जागेवर थांबायला हवी. या पिस्तुलाला स्वतःचं वजनच नाही, त्यामुळे फ्रेमचं वजन म्हणजे आपलाच हात. मनगट सैल असलं की फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते, आणि स्लाइडची चाल अपुरी पडते. मी तिला एवढंच म्हटलं, "मनगट कुलूप लावल्यासारखं धर." बाकीचं तिनेच जमवलं.

तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. एकदा चाप ओढला आणि नुसता 'टक्' आवाज आला. नियमाप्रमाणे नळी समोरच धरून तीस सेकंद थांबलो, मग काडतूस काढलं. प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीवर, खूण अगदी फिकी. घोड्याची स्प्रिंग दमली असं मी ठरवूनही टाकलं. प्रत्यक्षात प्रायमरवर आपटणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकात मीच वर्षभर तेल पाजत होतो. तेलात काजळी, काजळीत खिशातला भुसा. आत चक्क लापशी झाली होती आणि पिन तिच्यातून रखडत पुढे येत होती. मशीनला तेल दिलं की ती खूश, हा आयुष्यभराचा संस्कार नडला. आता ते भोक आणि मॅगझिनचं आतलं अंग पुसून कोरडं ठेवतो. मॅगझिनमधलं तेल काडतुसापर्यंत पोचून प्रायमर निकामी करू शकतं. तेल फक्त स्लाइडच्या खाचांना, एकेक थेंब, आणि नळीच्या बाहेरच्या अंगावर पुसट हात.

साफसफाईत मी एकाच बाबतीत हट्टी आहे: क्रम. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. उलटं केलं तर एक काडतूस बाहेर पडतं, आणि स्लाइड पुढे जाताना दुसरं नळीत भरून ठेवते. आपण मात्र 'रिकामं केलं' म्हणून निर्धास्त. पुंगळी बाहेर पडायच्या एवढ्या लहान खिडकीतून चेंबर नीट दिसतही नाही, बोट तर जातच नाही. मी टॉर्च मारून दोनदा पाहतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत जातात, मगच पिस्तूल उघडतो. नळी फ्रेमला पक्की आहे, म्हणून काडीऐवजी दोरीचा ब्रश चेंबरकडून तोंडाकडे ओढतो. बाकी कुठल्याही पुस्तिकेत असतं तेच.

अंगालगत ठेवण्याच्या पिस्तुलाला माझ्या मते काजळीपेक्षा घाम आणि भुसा जास्त मारतात. खिशात ते एकटंच, चाप पूर्ण झाकणाऱ्या म्यानात. त्याच खिशात किल्ली, नाणं काही नाही. मामाचं म्यान चामड्याचं होतं. घरी ठेवताना ते त्यातून काढूनच ठेवतो, कारण चामडं ओल धरतं आणि स्लाइडवर गंजाचे ठिपके पाडतं.

एक गोष्ट मात्र व्हर्निअर नसता तर कळलीच नसती. दर आठवड्याला साफ करायचं म्हणून मी तेच वरचं काडतूस काढायचो आणि तेच परत नळीत चढवायचो. एके दिवशी सहज मोजलं तर लांबी २४.५ मिमी भरली. दर वेळी उतारावर आपटून गोळी पुंगळीत हळूहळू आत बसत गेली होती. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि अशा हलक्या स्लाइडच्या पिस्तुलात वाढीव दाब मला नको. एकदा नळीत चढून उतरलेलं काडतूस आता मी वेगळ्या डबीत टाकतो. नव्याशेजारी धरून मोजतो, आखूड झालेलं बाद.

दोन्ही मॅगझिनच्या तळाला मी १ आणि २ असे आकडे कोरलेत आणि कोणतं कधी अडलं ते वहीत लिहितो. गेल्या चार महिन्यांत नोंदी पाच, पाचही २ नंबरच्या. दर वेळी शेवटच्या गोळीला काडतूस नाक खाली घालून थांबतं. मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारे ओठ मोजले, १ नंबरशी जुळतात. म्हणजे स्प्रिंग. नवी मागवली आहे. ती येईपर्यंत २ नंबर फक्त रेंजवर.