नर पुन्हा बाहेर: बबल-टिप आणि ऑसेलारिस, पुढचं अपडेट

मागच्या वेळी माझ्या ऑसेलारिस क्लाऊन माशांच्या जोडीतला नर बबल-टिप ॲनिमोनीत (टेंटॅकलनी म्हणजे सोंडांनी दंश करणारा समुद्री प्राणी; क्लाऊन मात्र दंश न बसता तिच्यात राहतात) झोपायला लागल्याचं मोठ्या आनंदात कळवलं होतं. तो आता परत बाहेर आलाय, मादीबरोबर रिटर्न पाइपच्या (टँकमध्ये पाणी परत सोडणारी नळी) कोपऱ्यात.

झालं असं, की बबल-टिप रातोरात सरकत वेव्हमेकरपाशी (पाण्यात प्रवाह करणारा पंप) पोचली. स्पंजचं कव्हर होतं म्हणून वाचली. (कव्हराशिवाय ॲनिमोनी ठेवूच नका, हे मी सांगत राहणार.) तिचा पाय नव्या दगडावर पक्का बसेपर्यंत तिला सम्पमध्ये (टँकला जोडलेली, पाणी गाळणारी वेगळी टाकी) जाळीच्या पेटीत ठेवली. दगडासकट परत टँकमध्ये आणली तेव्हा फुगे टम्म, तोंड घट्ट मिटलेलं, पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ वर स्थिर. सगळं उत्तम!

नर ओळखीच्या घरात शिरावा तसा सरळ आत घुसला आणि दंश बसला. एक टेंटॅकल छातीच्या पराला चिकटलं, त्यानं झटका दिला, ते ताणत गेलं आणि सुटलं. पराच्या कडेला पांढरा ठिपका राहिला. दोन दिवसांत तो भरून आला, पण नरानं सगळं पहिल्यापासून सुरू केलंय. पाठमोरा येतो, शेपटीचं टोक लावतो, पळतो. मग पोटाखालचा पर. तोंड सगळ्यात शेवटी.

मला यातली एक गोष्ट सोडत नाहीये. सम्प आणि टँकचं पाणी एकच. म्हणजे ॲनिमोनीतून पाण्यात जे काही मिसळतं ते नराला सतत मिळतच होतं. तुटला होता तो फक्त स्पर्श. तरी संरक्षण गेलं.

डेव्हनपोर्ट आणि नॉरिस यांनी १९५८ मध्येच बोट माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराकडे दाखवलं होतं. वाद आहे तो या थरात माशाचं स्वतःचं किती आणि ॲनिमोनीकडून माखून घेतलेलं किती, यावर. स्वतःचं काहीतरी नक्की आहे. ॲनिमोनीची दंशपेशी नुसत्या धक्क्यानं सुटत नाही, रासायनिक खूणही लागते, आणि सियालिक ॲसिड (एक प्रकारची शर्करा) ही तशी एक खूण. इतर माशांच्या थरात ते भरपूर, क्लाऊनच्या थरात फारच कमी. २०१९ च्या जीनोम अभ्यासातही या थरातल्या शर्करांशी संबंध असू शकणाऱ्या जनुकांवर नैसर्गिक निवडीच्या खुणा दिसल्या. पण एवढं पुरेसं असतं तर माझ्या नराला दंश बसलाच नसता. त्यामुळे माझं मत आता पक्कं होत चाललंय: जन्मजात थर माशाला जिवंत ठेवतो, आत राहायची परवानगी मात्र अंग घासूनच मिळते. हलवाहलवीमुळे ॲनिमोनीच जास्त चिडलेली असेल ही शक्यता उरतेच, पण ती त्या दिवशी कोळंबीचा तुकडाही शांतपणे घेत होती.

शिवाय ही जोडी निसर्गातली नाहीच. ऑसेलारिस समुद्रात मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी या तीन जातींच्या ॲनिमोनींतच राहतो. बबल-टिपचा पक्का भाडेकरू मरून क्लाऊन. क्लार्काय ही क्लाऊनची आणखी एक जात मात्र क्लाऊनना आसरा देणाऱ्या ॲनिमोनींच्या दहाही जातींत चालते. २०१४ च्या विषारीपणाच्या तुलनेत मध्यम विषाच्या ॲनिमोनींकडेच सर्वांत जास्त जातींचे क्लाऊन आढळले. मला हे अगदी पटतं: विष फार सौम्य असेल तर आडोसा कसला, आणि फार जहाल असेल तर रोजचा खर्च परवडत नाही.

ठरवलं होतं की दोघांना भोकं पाडलेल्या पेटीत घालून ॲनिमोनीशेजारी ठेवायचं. पण वरचं लिहितानाच लक्षात आलं, पाणी एकच असून काही होत नसेल तर पेटीनं काय होणार? पेटी रद्द. त्याऐवजी दगड रिटर्न पाइपच्या कोपऱ्याखाली सरकवतो, म्हणजे झोपेत डुलताना मादीलाही टेंटॅकल आपोआप घासतील. पाण्याचा प्रवाह तिथे जास्त आहे, तो थोडा वळवावा लागेल.

ज्यांनी दुसरी ॲनिमोनी कुठून घेऊ विचारलं त्यांना: इथल्या एका दुकानात अजून गडद पिवळ्या रंगवलेल्या विकतात. घेऊ नका. आतलं शैवाल गेलेलं असतं, ती उपाशी मरते. कुणाच्या टँकमध्ये दुभागलेली बबल-टिप मिळाली तर सोनं.

आज सकाळी नराच्या शेपटीला टेंटॅकल लागलं आणि चिकटलं नाही! मॅक्रो लेन्स लावून ठेवलीय. पोटाखालच्या पराची पाळी कधी येते ते पुढच्या वेळी क्लिपसकट.